जुन्या इंजिनाला बाजारातले बोल्ट चालतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८०च्या दशकातलं पेट्रोल इंजिन, ब्लॉक बीडाचा (ओतीव लोखंडाचा), हेड ॲल्युमिनियमचं. हेड गॅस्केट बदलायला उघडलं तेव्हा दोन हेड बोल्ट गंजून खाल्लेले निघाले, वॉटर पंपाचा एक बोल्ट आतच तुटला आणि टायमिंग कव्हरला आधीच कुणीतरी भलतेच बोल्ट लावलेले दिसले. कंपनीने सुटे भाग बंद केलेत. त्याच जाडीचे, त्याच लांबीचे, पण १२.९ या वरच्या ताकदीचे बोल्ट मिळतायत, ते लावू का? आणि पुन्हा गंजू नयेत म्हणून स्टेनलेस घेतले तर?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. वॉटर पंपाचे आणि टायमिंग कव्हरचे बोल्ट खुशाल बाहेरून घ्या, फक्त मोजून घ्या. हेडचे बोल्ट मात्र जाडी-लांबी जुळली एवढ्यावर घेऊ नका, मग त्यांच्या डोक्यावर १२.९ लिहिलेलं असो नाहीतर आणखी काही. स्टेनलेस इंजिनाच्या आत नकोच, बाहेरही अगदी मोजक्या जागी.

बोल्ट दोन भाग धरून ठेवतो तो आट्यांच्या जोरावर, असं वाटतं. खरं तर तो धरतो ताणला गेल्यामुळे. पाना फिरवताना आपण बोल्टला लांब करत असतो आणि तो परत आखडायला बघतो, म्हणून भाग दाबले जातात. आकडा सांगतो. १० मिमी जाडीचा, १०.९ ताकदीचा बोल्ट नीट आवळला की साधारण ३६ किलोन्यूटन, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक दाब देतो. दाबलेल्या भागांची उंची १०० मिमी असेल तर एवढ्या ताणाने बोल्ट जेमतेम ०.३ मिमी लांबतो. उंची २० मिमीच असेल तर ०.०६ मिमी. आता गॅस्केट बसून ०.०५ मिमी पातळ झालं असं धरा. लांब बोल्टचा दाब थोडा उतरेल, आखूड बोल्टचा जवळजवळ सगळाच जाईल. हेड बोल्ट एवढे लांब का असतात, काहींचा दांडा मध्येच बारीक का केलेला असतो, ते यात आलं. तो बारीकपणा बचतीसाठी नसतो, बोल्टला ताणायला वाव मिळावा म्हणून असतो. त्याच्या जागी पूर्ण जाडीचा बोल्ट घातलात तर दिसायला मजबूत, पण कामाला ताठर.

तुमच्या इंजिनात आणखी एक गोष्ट आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेडमधली ८० मिमी उंची ८० अंशांनी तापली तर बोल्टच्या मानाने सुमारे ०.०७ मिमी जास्त वाढते. ती वाढ बोल्टलाच ताणून घ्यावी लागते, आणि गार झाल्यावर परत सोडावी लागते. रोज. बोल्ट ताठर असला की ह्या वाढीचा भार त्याच्यावर आणि हेडवर जास्त येतो.

म्हणून १२.९चा मोह सोडा. सगळ्या पोलादाचा ताठपणा सारखाच असतो. ८.८, १०.९, १२.९ यांत फरक पडतो तो किती ताण सहन होतो यात, तेवढ्याच भाराला किती लांबतो यात नाही. त्याच टॉर्कला, म्हणजे पान्याने दिलेल्या तेवढ्याच पिळाला, आवळलात आणि घर्षण तेवढंच असलं तर १२.९चा बोल्ट १०.९पेक्षा रत्तीभरही जास्त दाबणार नाही. टॉर्क वाढवलात तर समोरचे आटे आधी जातील. शिवाय बाजारात मिळणारे १२.९चे बोल्ट बहुतेक काळे, ॲलन चावीचे. १० मिमीच्या ॲलन बोल्टचं डोकं १६ मिमी व्यासाचं. खालचं भोक वजा केलं की टेकायला उरते ती बारीकशी कडी, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ती रुतते. रुतली की दाब उतरला. आणि एवढं कडक पोलाद पाण्याच्या, गंजाच्या संगतीत ठिसूळ होऊन अचानक तुटतं. हेड बोल्ट वॉटर जॅकेटमधून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीतून, जात असेल तर त्याच्या नशिबी तीच संगत आहे.

आता मोजणं. लागणारी हत्यारं दोनच: व्हर्नियर आणि पिच गेज. पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. पिच गेज नसेल तर ओळखीचा नवा बोल्ट घ्या, दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरा. फटीतून कुठेच उजेड आला नाही तर पिच तोच. मात्र निदान दहा आट्यांवर बघा, तीन-चार आट्यांवर सगळेच जुळल्यासारखे दिसतात.

याचं सगळ्यात फसवं उदाहरण म्हणजे ८ मिमी जाडीचा १ मिमी पिचचा बोल्ट आणि ५/१६ इंचाचा, इंचाला २४ आट्यांचा बोल्ट. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. हातात घेऊन फरक कळत नाही, व्हर्नियरवरही झिजलेला बोल्ट तेवढाच भरतो. पिच १.०६ विरुद्ध १.००. प्रत्येक आट्यामागे फक्त ०.०६ मिमीचा घोळ, पण दहा आट्यांवर तो अर्ध्या आट्याच्या वर जातो. बोल्ट पहिले काही फेरे हाताने जातो, मग जड होतो, आणि आपल्याला वाटतं गंज आहे, थोडं तेल सोडू. तेल सोडून पाना लावला की भोकातले आटे कापले गेले म्हणून समजा. नियम साधा आहे: स्वच्छ भोकात योग्य बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. जड झाला तिथे थांबा, काढा, परत मोजा.

उलट जातीची फसवणूक ३/८ इंचाची. त्याची जाडी ९.५ मिमी, पिच १.५९. हा बोल्ट १० मिमी, १.५ पिचच्या भोकात सैलसर जातो आणि आवळल्यावर थोडा पकडल्यासारखाही वाटतो. पकड आट्यांच्या टोकांवरच असते. तुमच्या टायमिंग कव्हरला कुणीतरी लावलेले भलतेच बोल्ट आधी या नजरेने तपासा.

मिमीच्या मापांतही पिच एकच नसतो. जाड पिच म्हणजे ६ मिमीला १.०, ८ला १.२५, १०ला १.५, १२ला १.७५. दुकानात काही न बोलता १० मिमीचा बोल्ट मागितला तर १.५ पिचचाच हातात पडतो. पण जपानी इंजिनांमध्ये १०ला १.२५ सर्रास असतो, १२लाही १.२५ भेटतो. डोक्याच्या मापावरूनही थोडा अंदाज येतो. ८ मिमीच्या बोल्टला १३चा पाना लागला तर युरोपीय पद्धत, १२चा लागला तर जपानी. १० मिमीला जुन्या जर्मन मापात १७, नंतरच्या आंतरराष्ट्रीय मापात १६, जपानीत १४. अंदाजच हा, पुरावा नव्हे.

गाडी ब्रिटिश असेल तर जरा सबुरीने घ्या. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं माप ठरवून दिलं, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून युनिफाइड आटे मान्य केले, तेही ६० अंशांचे. म्हणजे १९५०च्या आगेमागेच्या ब्रिटिश गाडीत दोन्ही जाती सापडू शकतात, कधी कधी एकाच गाडीत. त्रास असा की पाव इंच, ५/१६, ३/८, ७/१६ या मापांत व्हिटवर्थचे आणि युनिफाइड जाड पिचचे इंचामागे आटे सारखेच आहेत, फक्त कोन वेगळा. नट फिरतो, बसतो, आणि टेकतो मात्र कडेवर. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आटे आणि युनिफाइडचे १३, तिथे निदान चूक लगेच कळते. या सगळ्यावर कळस म्हणजे मॉरिसची इंजिनं. त्यांचा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, म्हणून आटे मेट्रिक आणि डोकी मात्र व्हिटवर्थच्या पान्याची. एमजीच्या जुन्या टी मालिकेतल्या गाड्यांतही हेच. पाना इंची लागला म्हणून बोल्टही इंची, हा हिशोब तिथे कोलमडतो.

ताकद डोक्यावर वाचायची. मेट्रिक बोल्टवरचा पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटण्याचा ताण मेगापास्कलमध्ये. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९० टक्के. ८.८ म्हणजे ८०० आणि ८० टक्के. अमेरिकी बोल्टवर आकडे नसून रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८च्या जवळचा, आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९च्या जवळचा. जुन्या जपानी बोल्टवर नुसता ४ किंवा ७ दिसतो. तो ७ म्हणजे चौरस मिमीला ७० किलो, म्हणजे ८.८पेक्षा कमी. तिथे ८.८ लावायला हरकत नसते. नव्या बोल्टवर ताकदीसोबत बनवणाऱ्याची खूणही हवी. नुसता १०.९ कोरलेला, बनवणाऱ्याचा पत्ता नसलेला बोल्ट मी कव्हरलासुद्धा लावत नाही. अमेरिकेत खोट्या खुणांच्या बोल्टचा सुळसुळाट झाला म्हणून १९९०मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता.

लांबी डोक्याच्या खालून मोजायची. फक्त चपट्या, खोलगट बसणाऱ्या डोक्याच्या बोल्टची डोक्यासकट. आणि लांबी एकच नसते: एकूण लांबी, आटे नसलेल्या दांड्याची लांबी आणि आट्यांची लांबी, तिन्ही लिहून ठेवा. दांड्याला गुळगुळीत, नेमक्या मापाचा भाग असेल तर तो बोल्ट भाग जागेवर ओळीत धरण्याचं कामही करतो. त्याच्या जागी पूर्ण आट्यांचा बोल्ट घातला तर भाग सरकतो. बारीक दांड्याभोवतून तेल वर जात असेल तर जाड दांड्याच्या बोल्टने ती वाटच बंद होते आणि हेडमधल्या रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला, तेल मिळत नाही. हे इंजिन सुरू केल्यावर लगेच कळतही नाही.

टायमिंग कव्हरचे आणि वॉटर पंपाचे बोल्ट बहुधा तीन-चार वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा, भोकं पाडायची आणि निघेल तो बोल्ट आपल्या जागी खोचायचा. तुमच्या बाबतीत आधीच अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे पुठ्ठ्यावर चूकच उमटेल. म्हणून भोकं मोजा. व्हर्नियरची मागची पट्टी भोकात सोडून खोली घ्या, त्यात कव्हर, गॅस्केट आणि वॉशरची जाडी मिळवा. बोल्ट या बेरजेपेक्षा दोन-तीन मिमी कमी हवा. तळाला टेकलेला बोल्ट टॉर्क पान्याला छान ‘टक’ करायला लावतो आणि कव्हर मात्र सैलच राहतं. दुसऱ्या बाजूने, आटे पुरेसे गुंतले पाहिजेत: पोलादात बोल्टच्या जाडीइतके, बीडात दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोनपट. ८ मिमीचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये निदान १२ मिमी गेलाच पाहिजे.

या जागांना ८.८ पुरतो. जुना बोल्ट ज्या ताकदीचा, तोच घ्या. झिंक चढवलेला, रुंद कॉलरच्या डोक्याचा मिळाला तर उत्तम. वॉटर पंपाचं एखादं भोक पाण्याच्या वाटेत उघडतं, तिथल्या आट्यांना सीलंट लावायचं. हे एक विसरलं तर नवं गॅस्केट घालूनही पाणी बोल्टच्या डोक्याखालून झिरपत राहतं आणि दोष गॅस्केटला जातो.

हेड बोल्टकडे वळू. आधी तुमच्या इंजिनाची आवळण्याची पद्धत मॅन्युअलमध्ये बघा. नुसता टॉर्क दिला असेल, आणि इंजिन काही काळ चालवून परत आवळा असं म्हटलं असेल, तर तो जुन्या पद्धतीचा बोल्ट. तो लवचीक हद्दीतच राहतो आणि सुस्थितीत असेल तर परत वापरता येतो. थोडा टॉर्क आणि मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असं कोनात सांगितलं असेल तर तो बहुधा मुद्दाम हद्दीपलीकडे ताणायचा बोल्ट आहे. तो एकदाच वापरायचा. काही कंपन्या लांबीची मर्यादा देऊन परत वापरू देतात, पण ती मर्यादा मॅन्युअलमध्ये छापलेली असेल तरच. १९८०च्या दशकात दोन्ही पद्धती चालू होत्या, तेव्हा अंदाजाने ठरवू नका.

बोल्ट ताणलाय का हे बघायला एक सोपी चाचणी आहे. आटे ब्रशने साफ करा, नवा नट बोटाने शेवटपर्यंत फिरवा. मध्येच एका जागी अडला आणि तिथे आट्यांना इजा दिसत नाही, तर तिथला पिच वाढलाय, बोल्ट लांबलाय. मग व्हर्नियर दांड्यावरून सरकवा. आटे सुरू होतात त्याच्या आसपास कमरेसारखा बारीक झालेला भाग सापडला तर विषय संपला. गंजाने खड्डे पडलेला बोल्टही बादच, कारण तडा त्या खड्ड्यातूनच सुरू होतो. तुमचे दोन गेलेत म्हणजे बाकीचेही त्याच पाण्यात, तेवढीच वर्षं होते. पूर्ण संच बदला. दोन नवे आणि बाकी जुने असं केलं तर घर्षण वेगळं, ताण वेगळा, गॅस्केटवर दाब वेगळा.

कुठे मिळतील? गाडीच्या नावाने नाही, इंजिनाच्या कोडने शोधा. एकच इंजिन अनेक मॉडेलमध्ये, व्हॅनमध्ये, कधी बोटीत किंवा फोर्कलिफ्टमध्येही बसवलेलं असतं, आणि तुमच्या गाडीसाठी बंद झालेला भाग तिथे दुसऱ्या क्रमांकाने चालू असतो. पार्ट कॅटलॉगमध्ये जुना क्रमांक कोणत्या नव्या क्रमांकात विलीन झाला ते पाहा. एल्रिंग, व्हिक्टर राइन्झ यांसारख्या गॅस्केट बनवणाऱ्या कंपन्या हेड बोल्टचे संचही विकतात, आणि गाडीच्या कंपनीने हात वर केल्यावरही ते पुष्कळदा मिळतात. तेही नसेल तर एआरपीसारख्या बोल्ट बनवणाऱ्या कंपन्यांचे स्टड, म्हणजे डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे, मापावरून निवडता येतात. व्यास, पिच, ब्लॉकमध्ये किती खोल जायचं आणि वर किती हवं, एवढं कळवलं की झालं. मात्र मग टॉर्क त्या स्टड बनवणाऱ्याचा, त्यांच्याच वंगणासोबत. गाडीच्या मॅन्युअलमधला नव्हे.

वंगणावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. तुम्ही पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे अर्धा भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. घर्षण थोडं बदललं की ते १० टक्के कुठच्या कुठे जातात. कोरड्यासाठी दिलेला टॉर्क तेल लावून दिला तर बोल्ट जास्त ताणतो. उलट, तेल लावायला सांगितलंय आणि कोरडा गंजका बोल्ट आवळला, तर पाना वाजतो पण दाब येत नाही. लॉकटाइटसारखं आटे चिकटवणारं द्रव्यही ओलं असताना वंगणच असतं. तेल लावायचं ते आट्यांना आणि डोक्याखाली, हलक्या बोटाने. भोकात ओतायचं नाही. बंद तळाच्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असताना बोल्ट आवळला तर त्याला जायला वाट नसते, आणि बीडाचा ब्लॉक तिथे फुटतो. हवा मारून प्रत्येक भोक कोरडं करा.

भंगारातल्या त्याच इंजिनाचे कव्हरचे, ब्रॅकेटचे बोल्ट मी बिनदिक्कत वापरतो, अनेकदा नव्यापेक्षा ते बरे निघतात. हेडचे, फ्लायव्हीलचे आणि कनेक्टिंग रॉडचे भंगारातून नाही. रॉडच्या बोल्टला मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० हिसके बसतात. तिथे फक्त त्याच इंजिनासाठी बनवलेला नवा बोल्ट, दुसरा पर्याय मी ऐकूनही घेत नाही.

स्टेनलेसबद्दल. सहज मिळतो तो ए२-७०. ७०० मेगापास्कलला तुटतो आणि ४५०लाच लांबायला लागतो, म्हणजे ८.८च्याही बराच खाली. स्टेनलेसवर स्टेनलेस घासला की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. ॲल्युमिनियममध्ये घातला आणि ओल लागली की बोल्ट चकाकत राहतो, गंजतं ते भोवतीचं ॲल्युमिनियम. एअर फिल्टरचा डबा, पत्र्याची झाकणं, तिथे लावा.

जुने बोल्ट घासून परत प्लेटिंग करून घ्यावेत, असाही सल्ला कुणी देईल. ८.८पर्यंत ठीक. १०.९ आणि वरच्या बोल्टमध्ये प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो, आणि लगेच भट्टीत काही तास सुमारे २०० अंशांवर ठेवून तो काढला नाही तर बोल्ट आवळल्यावर काही तासांनी, काही दिवसांनी आपोआप तुटतो. हे करून देणारा खात्रीचा नसेल तर नको. जुन्या गाड्यांतल्या पिवळसर झाक असलेल्या बोल्टवर कॅडमियमही असू शकतं. ते ग्राइंडरवर धरू नका आणि गॅसने तापवू नका, धूर विषारी असतो.

तुटलेल्या बोल्टचं भोक शेवटी करा, पण घाईत करू नका. तुकडा वर आलेला असेल तर त्यावर नट वेल्ड करा. त्या उष्णतेनेच निम्मं काम होतं, थोडं गार होऊ द्या आणि मागे-पुढे हलवत काढा. आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून बारीक ड्रिलपासून सुरुवात करा. मध्य चुकला तर ड्रिल कडक बोल्ट सोडून मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं. आटे गेलेच तर वायरचा इन्सर्ट, म्हणजे भोकात नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, घाला, ॲल्युमिनियममध्ये तो मूळ आट्यांपेक्षा मजबूत बसतो. मूळ बोल्टचाच व्यास आणि पिच राहतो, त्यामुळे पुढच्या माणसाला पुन्हा वेगळा बोल्ट शोधावा लागत नाही. भोक मोठं करून वरच्या मापाचा बोल्ट घालण्याआधी वॉटर पंपाच्या त्या कोपऱ्यात भिंत किती जाड उरते ते बघा. बऱ्याच इंजिनांत पलीकडे लगेच पाणी असतं.